नाव पसरत नसतं, जुनं उत्तर शिळं व्हावं लागतं

प्रश्न असा आहे: "बेळगावात वडगावला आमचं साड्यांचं दुकान आहे. परवा दुकानाची वेबसाइट जुन्या होस्टिंगवरून नव्या कंपनीकडं नेली. माझ्या मोबाइलवर नवी साइट दिसते, दुकानातल्या काँप्युटरवर जुनीच येते, आणि कोल्हापुरातल्या मामेभावाला कधी ही तर कधी ती. त्यात दोन दिवसांपासून ऑर्डरचे मेल येईनासे झालेत. वेबवाले म्हणतात, डीएनएस सगळीकडं पसरायला ४८ तास लागतात, थांबा. हे नाव नेमकं ठेवलेलं असतं कुठं? थांबण्याशिवाय काही करता येतं का? आणि 'बेलगाम' स्पेलिंगचं आमचं अजून एक जुनं डॉट कॉम नाव आहे, ते आता सोडून दिलं तर चालेल का?"

पुढचं वाचायच्या आधी एक काम करून घ्या. जुन्या होस्टिंग कंपनीच्या, म्हणजे जिच्या सर्व्हरवर आधी तुमची साइट होती तिच्या, कंट्रोल पॅनेलमधून तुमची जुनी मेलपेटी उघडा. तुमच्या डोमेनच्या नावानं वेबमेल उघडायला गेलात तर कदाचित नव्या सर्व्हरवर जाल, म्हणून त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच आत शिरा. दोन दिवसांतल्या बऱ्याच ऑर्डरी तिथं पडून असतील. त्या उतरवून घ्या, गिऱ्हाइकांना फोन करा, आणि ते जुनं खातं इतक्यात बंद करू नका.

आता मुद्द्याकडं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी वीसेक वर्षं नेटवर्कचं काम करतोय. कॉलेजच्या लॅब झाल्या, उद्यमबागेतले कारखाने झाले, गल्लीतल्या केबलवाल्याचं इंटरनेटही झालं. या सगळ्यात एका शब्दानं लोकांचा जितका वेळ खाल्लाय तितका दुसऱ्या कशानं खाल्ला नसेल, आणि तो शब्द म्हणजे हे 'पसरणं'. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था. तिच्यात तुमचा बदल कुणी जगभर वाटत फिरत नाही. बदल केला त्या क्षणी तो तुमच्या नेमसर्व्हरवर, म्हणजे तुमच्या नावाची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरवर, लागू झालेला असतो. ज्यांनी आधीच विचारून ठेवलंय त्यांच्या हातातलं जुनं उत्तर तेवढं शिळं व्हायचं राहिलेलं असतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की तुमचा सगळा गुंता उलगडतो.

पसरण्याची पद्धत एके काळी खरोखर होती. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर सगळ्या यंत्रांची नावं आणि त्यांचे आकडी पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती फाइल सांभाळत. नवं यंत्र जोडायचं तर त्यांना कळवायचं, त्यांनी यादीत भर घालायची, आणि बाकीच्यांनी अधूनमधून ती अख्खी यादी उतरवून घ्यायची. यंत्रं शेकड्यांत होती तोवर हे चाललं. पुढं यादी फुगत गेली, एकच नाव दोघांनी मागायची वेळ येऊ लागली, आणि उतरवून घेतलेली प्रत हातात येईतो जुनी झालेली असायची. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी यावर तोडगा मांडला: यादी एकाच ठिकाणी ठेवायचीच नाही. ज्याची नावं त्यानं सांभाळायची, आणि वरच्यानं फक्त 'अमुक नावाची चौकशी अमक्याकडं करा' इतकंच सांगायचं. १९८७ मध्ये त्याची सुधारलेली नियमावली आली आणि आजही तीच पायाला आहे. चाळीस वर्षांत इंटरनेट कुठल्या कुठं गेलं, पण ही मांडणी तग धरून आहे. मला या विषयाची गोडी लागली ती यामुळंच.

ही 'पुढच्याकडं सोपवण्याची' रीत समजून घ्यायला आपल्या सीमाभागातला पिनकोड घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिला आकडा मोठा विभाग सांगतो आणि शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस. आता हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करत चंदगडच्या रस्त्यानं निघा. बाची गाव मागं पडलं की शिनोळी लागते. शिवाराला शिवार लागलेलं, सोयरीक इकडची तिकडं, बाजारहाट एकच. तरी बाचीचा पिन ५९ नं सुरू होतो आणि शिनोळीचा ४१ नं. म्हणजे पहिल्याच आकड्याला दोघांच्या वाटा फुटल्या. टपालाला शेजार कळत नाही, कुणी कुणाच्या हाती सोपवलं एवढंच कळतं. डीएनएसही तसंच चालतं. तुमचा सर्व्हर मुंबईत आहे की सिंगापुरात, याचा नावाच्या उतरंडीशी काही संबंध नाही. फरक एवढाच की पिनकोड डावीकडून उजवीकडं वाचतात आणि डोमेनचं नाव उजवीकडून डावीकडं: आधी डॉट कॉम, मग तुमच्या दुकानाचं नाव, मग त्याच्या पुढचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.

एक गिऱ्हाईक कुडाळहून तुमची साइट उघडतंय असं धरू. त्याच्या मोबाइलला तुमचं नाव कळतं, पण यंत्राला जायला आकडी पत्ता लागतो, २०३.०.११३.१० असा काहीतरी. मोबाइल स्वतः शोधत बसत नाही, तो आपल्या इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हर म्हणजे आपल्या वतीनं चौकशीला हिंडणारा सर्व्हर. त्याच्याकडं उत्तर नसेल तर तो सगळ्यात वर, रूट सर्व्हरकडं जातो. रूट म्हणतो, "मला दुकान माहीत नाही, डॉट कॉमवाल्यांना विचार, हे त्यांचे पत्ते." डॉट कॉमवाले म्हणतात, "आकडा आमच्याकडं नाही, पण या नावाचे नेमसर्व्हर हे दोन, त्यांना विचार." मग तो तुमच्या नेमसर्व्हरपाशी येतो, आणि तिथं मात्र खरं उत्तर मिळतं. ही सगळी पायपीट बहुतेक वेळा सेकंदाच्या काही भागात आटपते.

तेव्हा 'नाव ठेवलेलं असतं कुठं' याचं उत्तर असं: तुमच्या नावाची मूळ नोंदवही तुमच्या नेमसर्व्हरवर असते, आणि ते नेमसर्व्हर कोणते हे डॉट कॉमच्या वहीत लिहिलेलं असतं. त्या वरच्या वहीत हात घालायचा अधिकार तुम्ही जिथं डोमेन विकत घेतलं त्या रजिस्ट्रारमार्फत मिळतो. रजिस्ट्रार, नेमसर्व्हर आणि होस्टिंग ही तीन वेगळी कामं आहेत. ती बहुतेक वेळा एकाच कंपनीकडून एकाच बिलात येतात, म्हणून लोकांना ती एकच वाटतात. साइट हलवताना घोटाळे होतात त्यातले बरेचसे याच गैरसमजातून.

रूट सर्व्हरबद्दल नेहमी ऐकू येतं की जगात ते फक्त तेरा आहेत आणि ते पडले तर इंटरनेट संपलं. तेरा ही नावं आहेत, इंग्रजी ए पासून एम पर्यंतची. सुरुवातीच्या नियमांत उत्तराचं पाकीट ५१२ बाइटांत बसवायचं होतं, त्यात तेवढीच मावली. ती नावं बारा संस्था चालवतात. त्यात नासा आहे, अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ आहे, जपानचा वाइड प्रकल्प आहे. एकेका नावामागं जगभर पसरलेली कितीतरी यंत्रं एकाच पत्त्यानं उत्तर देतात आणि प्रश्न आपोआप जवळच्या यंत्राकडं वळतो. अशी यंत्रं आज हजाराच्या वर आहेत, भारतातही आहेत. शिवाय डॉट कॉमचे सर्व्हर कोणते हे एकदा कळलं की रिझॉल्व्हर ते दोन दिवस लक्षात ठेवतो, त्यामुळं रूटकडं वारंवार जायची वेळच येत नाही.

हे 'लक्षात ठेवणं' हाच तुमच्या दुखण्याचा गाभा आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

शेताचा उतारा डोळ्यांपुढं आणा. मूळ नोंद सरकारी दप्तरात असते. तुम्ही एकदा जाऊन उतारा आणता आणि त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवता. सोसायटीत एक दिली, बँकेत एक दिली. उद्या वाटणी होऊन दप्तरातली नोंद बदलली, तर तुमच्या कपाटातली झेरॉक्स आपोआप बदलते काय? तिच्यावर जुनंच नाव राहणार. म्हणून बँक तारीख बघते आणि ताजा उतारा आणायला सांगते. डीएनएसमध्ये प्रत्येक उत्तरावर अशी मुदत मूळ मालकानंच लिहिलेली असते. तिला टीटीएल म्हणतात आणि ती सेकंदात मोजतात. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ३६०० म्हणजे तास, ८६४०० म्हणजे अख्खा दिवस. बऱ्याच होस्टिंगवर काही न बदलता १४४०० पडलेलं असतं, म्हणजे चार तास. रिझॉल्व्हर उत्तर मिळाल्यापासून घड्याळ लावतो आणि मुदत संपेपर्यंत दुसऱ्या कुणी तेच नाव विचारलं तर झेरॉक्स पुढं करतो, दप्तरात जात नाही. काँप्युटरवर एनएसलुकअप ही आज्ञा चालवली की उत्तरावर 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह' असा शेरा येतो. पुष्कळ जण तो बघून काहीतरी बिघडलंय असं समजतात. त्याचा अर्थ इतकाच की तुमच्या हातात आलेली ही झेरॉक्स आहे.

प्रत्येकानं उतारा वेगवेगळ्या वेळी आणलेला असल्यामुळं प्रत्येकाची मुदत वेगवेगळ्या वेळी संपते. एका पाठोपाठ एक लोकांना नवी साइट दिसू लागते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की बातमी हळूहळू पसरतेय.

आता ते ४८ तास. हा आकडा हवेतून आलेला नाही. डॉट कॉमवाले 'या नावाचे नेमसर्व्हर हे' असं जे उत्तर देतात त्याची मुदत १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर ४८ तास. तुमच्या वेबवाल्यांनी साइट हलवताना नुसता आकडी पत्ता बदलला असता तर चार तासांत विषय मिटला असता. त्यांनी नेमसर्व्हरच बदललेले दिसतात. मग ज्या रिझॉल्व्हरनं बदलाच्या तासभर आधी डॉट कॉमला विचारलं असेल, तो पुढचे ४७ तास निःशंकपणे जुन्याच नेमसर्व्हरकडं जाणार. आणि जुने नेमसर्व्हर अजून चालू आहेत, तुमची जुनी वही त्यांच्याकडं आहे, ते मनोभावे जुनं उत्तर देतायत. काही रिझॉल्व्हर तर जुन्या नेमसर्व्हरच्या प्रत्येक उत्तरासोबत 'या नावाचे नेमसर्व्हर आम्हीच' हा मजकूर घेऊन आपली मुदत पुन्हा वाढवून घेतात, मग ४८ तास उलटले तरी ते तिथंच अडकून राहतात.

इथंच तुम्हाला आज करता येण्यासारखं एक काम आहे, आणि ते वेबवाले सहसा सांगत नाहीत. जुन्या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जा, तिथला डीएनएस झोन, म्हणजे तुमची जुनी वही, उघडा आणि त्यातला ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या आकडी पत्त्याची नोंद, नव्या सर्व्हरच्या आकड्यावर वळवा. जुनी वही आणि नवी वही दोन्ही एकच उत्तर देऊ लागल्या, की कोण कुठल्या वहीकडं गेला याला महत्त्वच उरत नाही. थांबणं ४८ तासांवरून चार तासांवर येतं.

तुमच्या घरातल्या तीन अनुभवांचं कारणही यातच आहे. मोबाइल सिमकार्डाच्या कंपनीच्या रिझॉल्व्हरला विचारतो, दुकानातला काँप्युटर ब्रॉडबँडवाल्याच्या. दोघांच्या झेरॉक्सा वेगळ्या वेळच्या. कोल्हापूरच्या भावाचं 'कधी ही कधी ती' याचं कारण असं की मोठ्या कंपन्यांचा रिझॉल्व्हर म्हणजे एकच यंत्र नसतं, एका पत्त्यामागं अनेक यंत्रं आणि प्रत्येकाची आठवण वेगळी. प्रश्न या वेळी ज्याच्या वाट्याला गेला त्याचं उत्तर मिळतं. आपल्याकडं कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलकडं गेलं की फोन दुसऱ्या सर्कलचा टॉवर पकडतो, तिथंही उत्तर देणारा बदलू शकतो. आणखी एक गोष्ट अलीकडं वाढलीय. काही ब्राउझर इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला बगल देऊन सुरक्षित जोडणीनं थेट दुसऱ्याच कंपनीच्या रिझॉल्व्हरला विचारतात. अँड्रॉइडमध्येही नवव्या आवृत्तीपासून 'प्रायव्हेट डीएनएस' आलंय. त्यामुळं एकाच लॅपटॉपवर दोन ब्राउझरांत दोन साइट दिसल्या तर चक्रावून जाऊ नका.

तपासायचं असेल तर साइट उघडून बघण्यावर विसंबू नका, ब्राउझर स्वतःचंही काही साठवून ठेवतो. विंडोजच्या काळ्या खिडकीत एनएसलुकअप लिहून पुढं तुमचं नाव आणि त्यापुढं नव्या नेमसर्व्हरचं नाव द्या. हा थेट दप्तरात जाऊन विचारलेला प्रश्न झाला. तिथं नवा आकडा आला तर तुमच्या बाजूचं काम झालेलं आहे. मग तोच प्रश्न गूगलच्या ८.८.८.८ या रिझॉल्व्हरला विचारा, क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ ला विचारा. गूगल आणि क्लाउडफ्लेअर या दोघांनी आपल्या रिझॉल्व्हरमधली एखाद्या नावाची जुनी नोंद पुसून टाकायचं पान सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय, त्याचा वापर करा. दुकानातल्या काँप्युटरवर 'आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस' चालवा आणि राउटर एकदा बंद करून चालू करा, कारण राउटरही आपल्यापुरती झेरॉक्स ठेवतो.

मेलचं दुखणं वेगळं आणि जास्त गंभीर. साइटला ए रेकॉर्ड लागतो, मेलला एमएक्स, म्हणजे या नावाची मेल कुठल्या सर्व्हरकडं न्यायची ते सांगणारी नोंद. नवी वही उघडताना वेबवाल्यांनी त्यात साइटचा पत्ता लिहिला आणि एमएक्स लिहायचा राहून गेला, असं मी कितीदा तरी पाहिलंय. एमएक्स नसेल तर मेल पाठवणारा सर्व्हर नियमाप्रमाणं ए रेकॉर्डलाच मेलचा पत्ता समजतो आणि तुमच्या नव्या वेब सर्व्हरचं दार ठोठावतो. तिथं मेलचं काही कामच चालत नसेल तर दार उघडत नाही. मग मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबतं, पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो, आणि साधारण चार-पाच दिवस ते जिवंत राहतं. म्हणजे आज एमएक्स दुरुस्त केला तर ती मेल उशिरा का होईना येतील. पण नव्या सर्व्हरवर मेलची सोय असेल आणि तुमच्या नावाची पेटीच नसेल, तर तो 'असा कुणी इथं राहत नाही' असं सांगून मेल तिथल्या तिथं परत पाठवतो. ती गिऱ्हाइकाकडं परत गेली, ती तुम्हाला पुन्हा मागवावी लागणार. तिसरा गट ज्यांच्या रिझॉल्व्हरकडं अजून जुनी वही आहे त्यांचा. त्यांची मेल जुन्या पेटीत बिनबोभाट पोचतायत आणि पाठवणाऱ्याला वाटतंय की काम झालं. म्हणून मी सुरुवातीलाच तुम्हाला जुनी पेटी उघडायला लावली.

एमएक्ससोबत टेक्स्ट रेकॉर्डही बघा. 'आमच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार अमुक सर्व्हरांना' असं त्यात लिहिलेलं असतं. तो नव्या वहीत आला नाही तर तुम्ही पाठवलेली बिलं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतील, आणि ते तुम्हाला महिनाभर कळणारही नाही.

डीएनएस बिघडला की माणूस भलतीकडंच शोधत बसतो, त्याचा एक अनुभव सांगतो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यानं इंटरनेट कंपनी बदलली. नवी लाइन आली, दिवे लागले, पण एकही साइट उघडेना. दोन दिवस केबल बदलली, मॉडेम बदलला, शेवटी पावसात विजेनं काही गेलंय का म्हणून खांबापर्यंत माणूस चढवला. मी गेलो तेव्हा आधी पिंग करून, म्हणजे उत्तर येतं का बघायला छोटासा संदेश पाठवून, आकड्यानं बाहेरचा सर्व्हर गाठला, तो लगेच लागला. म्हणजे रस्ता चालू होता, पत्ता सांगणारा मिळत नव्हता. काही वर्षांपूर्वी कुणीतरी प्रत्येक काँप्युटरमध्ये जुन्या कंपनीच्या रिझॉल्व्हरचा आकडा हातानं लिहून ठेवला होता. ती जुनी कंपनी साहजिकच आपल्या गिऱ्हाइकांखेरीज इतरांना उत्तर देत नव्हती. सतरा काँप्युटरांतले आकडे पुसून 'आपोआप घ्या' करायला अर्धा तास लागला. तेव्हापासून 'नेट बंद आहे' असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आकड्यानं लागतं का?

हीच गोष्ट फार मोठ्या आकारात ४ ऑक्टोबर २०२१ ला झाली. फेसबुकच्या स्वतःच्या नेटवर्कमधल्या एका बदलामुळं त्यांच्या नेमसर्व्हरांकडं जाणारे रस्तेच इंटरनेटवरून नाहीसे झाले. आपल्याकडं रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सगळं सहा तासांच्या आसपास बंद. नाव विचारलं तर उत्तर द्यायला कुणी पोचण्याजोगं नव्हतं. आपले नेमसर्व्हर वेगवेगळ्या नेटवर्कवर ठेवावेत ही शिफारस १९९७ पासून लिहिलेली आहे.

पुढच्या वेळी साइट हलवाल तेव्हा घाई बदलाच्या दिवशी करू नका, दोन दिवस आधी करा. जुन्या वहीतला टीटीएल ३०० वर आणा आणि आधीची मुदत जितकी होती तितका वेळ जाऊ द्या, म्हणजे बाहेरच्या सगळ्या झेरॉक्सा पाच मिनिटांच्या मुदतीच्या होतील. मधल्या वेळात नवी वही पूर्ण भरून घ्या आणि जुनीशी ओळीनं ओळ ताडून बघा. मग रात्री नऊनंतर, गिऱ्हाईक कमी असताना, आकडा बदला. सगळं नीट दिसलं की आठवड्यानं मुदत पुन्हा वाढवा. आणि एक चूक आवर्जून टाळा: नवं उपनाव (तुमच्या डोमेनच्या आधी जोडायचं नाव) काढायच्या आधीच ते ब्राउझरमध्ये घालून 'चालतं का' बघू नका. 'असं नाव नाही' हेही एक उत्तर असतं आणि रिझॉल्व्हर तेही मुदतीसकट लक्षात ठेवतो. मग तुम्ही रेकॉर्ड घातला तरी त्या मुदतीपर्यंत तुम्हालाच ते दिसत नाही, आणि तुम्ही बरोबर असलेली वही खोडत बसता.

डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच तपासा. आपल्या भागात साइट करून देणारी मुलं हुशार असतात, पण नोकरी लागली की पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात, आणि दुकानाचं डोमेन त्यांच्या खासगी मेलवर नोंदलेलं राहतं. नूतनीकरणाची सूचना त्यांना जाते आणि इकडं साइट एक दिवस नाहीशी होते. खातं मालकाच्या नावानं, मोबाइल मालकाचा, आणि नोंदणीचा मेल त्याच डोमेनवरचा कधीही नको. डोमेन बंद पडलं तर तो मेलही बंद पडतो, मग पासवर्ड बदलायची चिठ्ठी येणार कुठं?

राहिलं ते 'बेलगाम' स्पेलिंगचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, बोलताना आपण बेळगावच म्हणतो, इंग्रजी पाट्यांवर दोन्ही स्पेलिंगं दिसतात, आणि स्टेशनचा रेल्वे कोड आजही जुन्या नावावरचाच बीजीएम आहे. पोस्टमनला ही सगळी नावं एकाच गावाची हे ठाऊक असतं. डीएनएसला ते ठाऊक नसतं. त्याच्या लेखी दोन स्पेलिंगं म्हणजे दोन अनोळखी नावं. तुम्ही एक सोडलंत तर मुदत उलटल्यावर काही आठवड्यांनी ते मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतो. जो घेईल त्याला त्या नावाचा एमएक्सही आपल्याकडं वळवता येतो, म्हणजे जुन्या व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता बघून गिऱ्हाइकानं पाठवलेली मेल त्याच्या पेटीत. ज्या मेलवर तुमची बँक, जीएसटी, कुरिअर यांची खाती नोंदली असतील त्यांचे पासवर्डही तिथूनच बदलता येतील. तेव्हा ते नाव सोडू नका. ते नव्या नावाकडं वळवून ठेवा, मेलही दोन्हीकडची एकाच पेटीत आणा, आणि दरवर्षी दोन्हींचे पैसे एकाच दिवशी भरा.

देवनागरी नावाचाही विचार करता येईल. डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळतं, पुढं कन्नड लिपीतही आलं. आत मात्र डीएनएस रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यावरच चालतो. देवनागरी नाव यंत्र गुपचूप एका सांकेतिक रोमन नावात बदलतं आणि तेच विचारतं. बिंदूंमधल्या एका तुकड्याला ६३ अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरी सांकेतिक रूपात लांबतं, तेव्हा नाव आटोपशीर ठेवा. दुकानाच्या पाटीवर ते शोभून दिसेल. मेल मात्र तूर्त रोमन नावावरच राहू द्या, कारण सगळ्या मेल सर्व्हरांना देवनागरी पत्ते अजून पचत नाहीत.